नागपूरची मोजपट्टी

वर्गातले एखादे मूल सतत मागे पडते. आपण पालकांना सुचवतो, "एकदा मानसशास्त्रज्ञांना दाखवून घ्या." काही दिवसांनी अहवाल येतो. त्यात दोन आकडे असतात, एक बुद्धिगुणांक आणि दुसरा सामाजिक गुणांक. हे आकडे ज्या पट्ट्यांनी मोजतात, त्यांपैकी दोन नागपुरात घडल्या, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

या इतिहासाची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. नेहमीच्या वर्गात शिकू न शकणारी मुले ओळखायची कशी, हा तिथल्या शिक्षणखात्यापुढचा प्रश्न होता. आल्फ्रेड बिने आणि डॉ. तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली सोप्याकडून कठीणाकडे जाणारी प्रश्नमालिका तयार केली. मुलाला मदत मिळावी हा बिने यांचा हेतू होता, शिक्का बसावा हा नव्हे. अमेरिकेत लुई टर्मन यांनी १९१६ साली तिची नवी आवृत्ती काढली आणि मानसिक वय भागिले शारीरिक वय गुणिले १०० हे आपल्या परिचयाचे सूत्र रूढ झाले.

परक्या भाषेतले प्रश्न आपल्या मुलांना कसे लागू पडणार? धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी या चाचणीचे कन्नड आणि मराठी रूप १९३४ साली सिद्ध केले. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. 'बिने-कामत' चाचणी ती हीच.

मानसशास्त्राचा व्यवसाय आपल्याकडे एकाच वाटेने आलेला नाही. नागपुरात १८६४ सालीच मनोरुग्णालय निघाले. ती डॉक्टरांची वाट. कोलकाता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकले होते. ती प्रयोगशाळेची वाट. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने पुढच्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र उघडले. ती समाजसेवकांची वाट. या वाटा मुलाच्या प्रश्नापाशी एकत्र येतात.

नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. आर्थर मॅलिन यांनी केलेले काम याच परंपरेतले. त्यांनी आधी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी हाती घेतली. अमेरिकेतील व्हाइनलँड येथील संस्थेत एडगर डॉल यांनी १९३५ साली ती तयार केली होती. यात मुलाला कोडी घालायची नसतात. ते स्वतः जेवते का, कपडे घालते का, शेजारी एकटे जाते का, हे घरच्यांना विचारायचे असते. पण मूळ ११७ बाबींमध्ये टेबलावरच्या सुरीने खाणे कापता येणे, सांताक्लॉज खरा नसतो हे कळणे, अशाही बाबी होत्या. हाताने भाकरी खाणाऱ्या विदर्भातल्या मुलाची समज यावरून कशी ठरणार? मॅलिन यांचे ८९ बाबींचे नागपुरी रूपांतर १९६५ सालचे आहे. त्यानंतर डेव्हिड वेक्सलर यांच्या १९४९ च्या बालचाचणीवरून त्यांनी भारतीय मुलांसाठी बुद्धिमापन श्रेणी बनवली. ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. शाब्दिक आणि कृतिप्रधान असे तिचे दोन भाग आहेत. त्यामुळे भाषेत अडणारे मूल ठोकळ्यांच्या रचनेत पुढे आहे का, हेही दिसते.

हा इतिहास आपल्या कामाचा का? केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या दिव्यांगत्व-मूल्यमापनाच्या सूचनांत व्हाइनलँड श्रेणीवरील गुणांकावरून टक्केवारी ठरवली होती. म्हणजे प्रमाणपत्र, सवलत, शिष्यवृत्ती या गोष्टी अशा आकड्यावर अवलंबून राहतात. आणि पट्टीही जुनी होते. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की अनेक देशांत बुद्धिगुणांकाची सरासरी पिढीगणिक वाढत गेली. अमेरिकेत दर दहा वर्षांना सुमारे तीन गुणांनी. अशी वाढ जिथे झाली असेल, तिथे जुन्या प्रमाणकांशी ताडलेला आजच्या मुलाचा आकडा फुगलेला दिसेल. मदतीची गरज असलेले मूल कागदोपत्री 'सर्वसाधारण' ठरेल आणि मदतीला मुकेल. उलट, घरी गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाची चाचणी परक्या भाषेत घेतली, तर आकडा विनाकारण खाली येईल.

म्हणून अहवाल हाती आला की आपण तीन प्रश्न विचारावेत. चाचणी कोणती? ती कोणत्या भाषेत घेतली? प्रमाणके कोणत्या मुलांवरून आणि कधी ठरवली? चांगल्या मानसशास्त्रज्ञाला हे प्रश्न आवडतात. मूल मैदानावर, मधल्या सुट्टीत, मित्रांत कसे वागते, याची आपली नोंदही त्यांना द्यावी. डॉल यांची श्रेणी मुलाला रोज पाहणाऱ्यांच्या माहितीवरच उभी आहे. वर्गात मुलाला रोज पाहणारे आपणच असतो.