कापराची बोली : जोहोरच्या अरण्यातील एक प्रवासपद्धती

मलाया द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी जोहोर हे राज्य आहे. तेथील एन्दाऊ नदीच्या वरच्या खोऱ्यात सदाहरित पर्जन्यवन पसरलेले असून त्याचा जोहोरकडील भाग १९९३ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्यात आला आहे. ह्या अरण्यात काही दिवसांची पदयात्रा करण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येतात. नदीकाठी जाकुन ह्या आदिवासी जमातीचे कांपुंग पेता नावाचे गाव आहे. तेथून पुढे निघून क्वाला जासिनच्या तळावर उतरावयाचे, उपेह गुलिंगच्या धबधब्यावरून बुआया सांकुतच्या मोठ्या धबधब्याकडे जावयाचे, वाटेत मुक्काम करावयाचा आणि रात्री विजेरीच्या उजेडात वन्य प्राण्यांचा माग घ्यावयाचा, असा हा क्रम असतो. पुढे चालणारा वाटाड्या बहुधा जाकुन असतो. दूरवर धनेशाच्या पंखांचा आवाज उठला, चिखलात हत्तीचे वा टापीराचे पाऊल दिसले, की प्रवासी त्याला नाव विचारतो आणि तो ते सांगतो. पाहिलेल्या प्राण्याचे नाव कळणे, हेच ह्या प्रवासाचे फलित मानले जाते.

ह्याच प्रदेशात एकोणिसाव्या शतकापर्यंत जो प्रवास होत असे, त्याचा पहिला नियम मात्र नेमका उलट होता. पाहिलेल्या वस्तूचे नेहमीचे नाव तोंडातून काढावयाचे नाही, हा तो नियम होय. हा प्रवास कापूर शोधणाऱ्यांचा होता. त्या काळात ते जी निराळी भाषा बोलत, तिला मलय भाषेत ‘पांतांग कापुर’ म्हणत. ‘पांतांग’ म्हणजे निषेध, धार्मिक बंधन. ‘पांतांग कापुर’ म्हणजे कापरासाठी पाळावयाचे बंधन. ही बोली म्हणजे एक अंधश्रद्धेचा चमत्कारिक प्रकार, एवढीच तिची ओळख पुष्कळदा करून दिली जाते. तिचे कार्य मात्र ह्याहून व्यापक होते.

प्रथम त्या वस्तूचा विचार केला पाहिजे. आपल्याकडे आरतीत जळणारा साधा कापूर चीन, जपान, फोर्मोसा ह्या भागांतील एका दालचिनीवर्गीय वृक्षाचे लाकूड उकळून काढीत असत. भीमसेनी कापूर त्याहून वेगळा. तो सुमात्रा, बोर्निओ व मलाया येथील ड्रायोबॅलॅनॉप्स ह्या प्रचंड वृक्षाच्या खोडातील भेगांत स्फटिकरूपाने साठतो. साठ मीटरांपर्यंत उंच जाणाऱ्या ह्या वृक्षाचा कापूर फार पूर्वीपासून अत्यंत मौल्यवान मानला जाई. तेराव्या शतकाच्या अखेरीस सुमात्रास भेट देणाऱ्या मार्को पोलोने तेथील कापूर सोन्याच्या भारोभार विकला जातो, असे नमूद केले आहे. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील बारुस हे ह्या व्यापाराचे जुने बंदर. त्याच्याजवळच लोबू तुआ येथे इ. स. १०८८ चा एक तमिळ शिलालेख सापडला असून तो दक्षिण भारतातील एका व्यापारी संघाचा आहे.

ह्या व्यापाराचा इतिहास शब्दांतही उतरला आहे. मलय भाषेत नुसत्या ‘कापुर’चा अर्थ चुना असाही होतो, म्हणून विड्याचा चुना तो ‘कापुर सिरिह’ आणि कापूर तो ‘कापुर बारुस’. संस्कृतातील ‘कर्पूर’, प्राकृतातील ‘कप्पूर’, मराठीतील ‘कापूर’ आणि अरबीतील ‘काफूर’ हे सर्व शब्द ह्याच कुळातले होत. संस्कृताने तो पूर्वेकडून घेतला की पूर्वेकडे दिला, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु भीमसेनी कापरासाठी हिंदी व गुजराती भाषांत जो ‘बरास’ हा शब्द आहे, त्यात बारुस बंदराचे नाव उघड दिसते. पश्चिम भारतातील देवघरांपर्यंत वस्तूबरोबर त्या बंदराचे नावही पोहोचले. वस्तू शोधणाऱ्यांची भाषा मात्र अरण्यातच राहिली.

ती भाषा का लागली, हे समजण्यासाठी शोधाची अडचण ध्यानात घ्यावी. ह्या जातीच्या प्रत्येक वृक्षात कापूर नसतो. तो जुन्या वृक्षांत, आणि त्यांतीलही थोड्यांतच मिळतो. आणि मिळवावयाचा तर अख्खा वृक्ष तोडून त्याचे लाकूड चिरावे लागते. चुकीचा वृक्ष निवडला तर अनेकांचे श्रम फुकट जात. म्हणून खोडाचा टवका काढून त्याचा वास घेणे व अशाच इतर खुणांवरून अंदाज बांधणे, हे खास जाणत्याचे काम असे. मलय प्रदेशात अशा जाणत्याला ‘पावांग’ म्हणतात. अरण्याचा व्यवहार आणि अरण्याची दैवते ह्या दोहोंशी त्याचा संबंध असे. वर्षाच्या ठराविक दिवसांत जाकुन लोकांच्या, आणि कधी कधी मलय लोकांच्याही, टोळ्या अरण्यात शिरत आणि तीन-तीन, चार-चार महिने तेथेच मुक्काम ठोकीत.

ह्या मुक्कामाचे नियम इंग्रज निरीक्षकांनी नोंदवून ठेवले आहेत. कापराच्या वृक्षांवर ‘बिसान’ नावाच्या स्त्रीदेवतेचा अंमल आहे, अशी समजूत होती. रात्री अरण्यात झाडावरील किरकिऱ्या कीटकासारखा एक विशिष्ट आवाज येऊ लागला, की बिसान गात आहे आणि कापूर जवळच आहे, असे समजत. पावसात मात्र हा आवाज ऐकू येत नाही, असेही सांगत. जेवणापूर्वी प्रत्येक पदार्थाचा थोडा वाटा तिच्यासाठी बाजूला काढून ठेवावयाचा. अन्न कोरडेच खावयाचे. कालवण, भाजी वर्ज्य. मीठ बारीक वाटावयाचे नाही. ते बारीक केले तर कापराचे दाणेही बारीक मिळतील, आणि जाडे ठेवले तर मोठे मिळतील, अशी श्रद्धा होती. बिसान आपल्या धनाविषयी मत्सरी आहे. माणसे कापरासाठी आली आहेत, हे तिला कळले तर ती त्यांची वाट चुकवील. म्हणून तिला न समजणाऱ्या भाषेत बोलावयाचे.

ह्या भाषेच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिळतात. जे. आर. लोगन ह्यांनी १८४७ मध्ये जोहोरच्या आदिवासींवर लिहिताना तिची दखल घेतली. डी. एफ. ए. हर्व्ही ह्यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जोहोरमधील ब्लुमुत पर्वताच्या प्रवासवर्णनात तिचे शब्द दिले. लेक व केल्सॉल ह्या दोघांनी १८९४ मध्ये जोहोरचा कापूरवृक्ष व कापराची भाषा ह्या विषयावर स्वतंत्र निबंधच लिहिला. पुढे १९०६ मध्ये स्कीट व ब्लॅग्डेन ह्यांच्या द्विखंडात्मक ग्रंथात मलायातील आदिवासींच्या भाषांचा जो विचार झाला, त्यात ह्या सामग्रीचा परामर्श घेण्यात आला.

ह्या शब्दांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात वर्णनात्मक नावे येतात. तांदूळ म्हणजे ‘गवताचे फळ’, बंदूक म्हणजे ‘दूर वाजणारी’, डुक्कर म्हणजे ‘आखूड पायांचे’, केस म्हणजे ‘पाने’. येथे घटक नेहमीचेच आहेत. केवळ वस्तूचे रूढ नाव बाजूला सारून तिचा एखादा गुण पुढे केला आहे. दुसऱ्या वर्गातील शब्द रूढ मलय भाषेत सापडत नाहीत. जाकुन लोकांची आजची बोली मलयच्याच कुळातली आहे. तेव्हा मलय स्वीकारण्यापूर्वीच्या एखाद्या भाषेचे अवशेष ह्या शब्दांत उरले असावेत, असा तर्क करण्यात आला. व्यवहारातून गेलेला शब्द निषेधाच्या आश्रयाने टिकून राहणे भाषेच्या इतिहासात असंभाव्य नाही.

मराठी वाचकाला ह्यातील पहिला वर्ग अपरिचित वाटू नये. रात्री सापाचे नाव घ्यावयाचे नाही म्हणून आपल्याकडे ‘लांबडे’ किंवा ‘जनावर’ म्हणतात. दिवा विझवीत नाहीत, मालवतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. मलय लोकही अरण्यात वाघाला ‘आजोबा’ अशा अर्थाच्या शब्दाने संबोधीत. तथापि दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. मराठीतील हे शब्द एकेकटे आहेत व ते प्रसंगापुरते वापरले जातात. कापराची बोली ही एका संपूर्ण मोहिमेची भाषा होती. ती प्रवासाच्या आरंभी सुरू होई आणि प्रवासाबरोबर संपे.

ती व्यापारी गुपित राखण्यासाठी योजलेली सांकेतिक भाषा होती, असेही कोणी म्हणू शकेल. दलालांच्या व जवाहिऱ्यांच्या अशा भाषा सर्वत्र आढळतात. परंतु ह्या तर्काला एका नोंदीने बाध येतो. अरण्यात गेलेल्या पुरुषांनीच नव्हे, तर गावात मागे राहिलेल्या स्त्रीपुरुषांनीही मोहीम संपेपर्यंत हीच बोली बोलावयाची, असा नियम होता. गुपित चोरणारा परका जेथे नाही, तेथे आपल्याच घरात, चुलीजवळ तांदळाला ‘गवताचे फळ’ म्हणण्याने कोणते गुपित राखले जाणार? सांकेतिक भाषा माणसांपासून काही लपवते. ही बोली अरण्यापासून लपवीत होती.

ह्याच नोंदीवरून तिचे खरे कार्य ध्यानात येते. चार महिने लांब गेलेली माणसे आणि गावात राहिलेली माणसे ह्यांच्यामध्ये निरोपाचे साधन नव्हते. बोलीचे बंधन दोन्हीकडे एकाच वेळी लागू होई, त्यामुळे घरी असलेली स्त्रीही त्या मोहिमेची भागीदार ठरे. तिच्या जिभेवरील संयम पतीच्या यशाला कारण होई, आणि अपयशाचा बोल तिच्यावर येण्याचा संभवही त्यातच होता. अरण्यात पाहिले तर ह्याच बंधनाने पावांगाचा अधिकार प्रत्येक वाक्यात जाणवत राही. मलय माणूस टोळीत सामील झाला तरी त्याला आपली भाषा बाजूला ठेवून ह्या बोलीत बोलावे लागे. बाजारात कापराचा भाव दुसरे ठरवीत असतील. पण अरण्याच्या आत वस्तूंना काय म्हणावयाचे, हे वाट दाखवणारा ठरवीत असे. शिवाय बोलताना सतत शब्द तोलावा लागल्याने माणसे कमी आणि सावधपणे बोलत असणार. रात्रीच्या एका आवाजावर आणि लाकडाच्या वासावर ज्यांची भिस्त होती, त्यांना ह्या शिस्तीचा प्रत्यक्ष उपयोगही झाला असला पाहिजे. हे अखेरचे विधान अनुमानाचे आहे. परंतु नोंदलेल्या नियमांशी ते जुळते.

विसाव्या शतकात ह्या मोहिमांचे कारणच क्षीण झाले. कृत्रिम कापूर कारखान्यांत तयार होऊ लागला आणि अरण्यातील स्फटिकांचा व्यापार मागे पडला. आता लाकडाच्या बाजारात ‘कापुर’ हे इमारती लाकडाच्या एका प्रकाराचे नाव आहे. पूर्वी कापराच्या आशेने एखादा वृक्ष पडे. पुढे लाकडासाठी अरण्ये पडू लागली. १९७७ मध्ये एन्दाऊ-रोम्पिनच्या वनातील तोडीविरुद्ध मलेशियात मोठा लोकक्षोभ झाला. १९८५-८६ मध्ये मलेशियन निसर्ग संस्थेने तेथे शास्त्रीय मोहीम नेली, आणि तिच्या पाठोपाठ उद्यानाची स्थापना झाली. संरक्षण मिळाले, परंतु काही प्राण्यांच्या बाबतीत ते उशिरा मिळाले. एके काळी ह्या वनाचे भूषण असलेला सुमात्री गेंडा मलेशियात उरलेला नाही. त्या देशातील शेवटचा गेंडा २०१९ मध्ये बोर्निओतील साबा राज्यात, बंदिस्त जागेत, मरण पावला. २०१६ ते २०२० ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार मलायाचे रानटी वाघ १५० पेक्षाही कमी आहेत. ज्याचे नाव घेतल्यास तो समोर येईल ह्या भयाने त्याला आजोबा म्हणत, त्याचे नाव आज कितीही वेळा घेतले तरी प्रवाशाला तो सहसा दिसत नाही.

आजच्या पदयात्रेत वाटाड्याचे स्थान पूर्वीच्या पावांगाशी ताडून पाहण्यासारखे आहे. वाट अजूनही तोच दाखवतो. पाऊल कोणाचे, आवाज कशाचा, हे त्यालाच कळते. बदलला आहे तो शब्दावरील अधिकार. प्रवाशाच्या हातातील पुस्तकात प्राण्याचे शास्त्रीय व इंग्रजी नाव आधीच छापलेले असते, आणि वाटाड्याने दिलेले नाव त्या नावाचा केवळ प्रतिशब्द म्हणून ऐकले जाते. धबधब्यांच्या नावांतील अर्थही असेच मागे राहतात. ‘बुआया सांकुत’ म्हणजे अडकलेली मगर. ‘उपेह’ म्हणजे झाडाची विरी, जिचे ताट करून अरण्यात जेवत. एवढे विचारून घेतले तरी प्रवाशाला त्या वाटेवर पूर्वी चाललेल्यांचा पुष्कळ परिचय होईल.

कापराच्या बोलीच्या शब्दांच्या याद्या वाटेवरून गेलेल्या मोजक्या पाहुण्यांनी केल्या, आणि त्यांची नावे आज ग्रंथांत आहेत. ज्या पावांगांनी ते शब्द घडवले व सांगितले, त्यांची नावे मात्र मागे राहिली नाहीत. अरण्यप्रवासाचा इतिहास लिहिताना प्रवाशाच्या रोजनिशीइतकेच वाटाड्याच्या शब्दालाही प्रमाण मानणे, हीच ह्या उणिवेची काहीशी भरपाई ठरेल. त्या शब्दांचे वारस असलेले जाकुन लोक आजही त्याच नदीकाठी राहतात आणि अरण्यात आलेल्यांना वाट दाखवतात.