संगणकातील माहितीची दुसरी प्रत दुसऱ्या गावी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने ती मध्यम म्हणावी लागेल, पण मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे अवजड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे दहा हजार माणसे दगावली. तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर हे सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी एक होते.

माणसांच्या हानीपुढे कागदांची हानी क्षुल्लकच. तथापि मदत आणि पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला की प्रत्येक टप्प्यावर कागद लागतो. घर कोणाचे होते, शेत कोणाच्या नावावर आहे, बँकेत किती रक्कम होती, मुलगा कितवी उत्तीर्ण झाला, हे सारे कागदच सांगतो. अशा आपत्तीत कोणता कागद परत मिळतो आणि कोणता कायमचा जातो, याचा नियम सरळ आहे. ज्याची नोंद दुसऱ्या ठिकाणी असते, तो परत मिळतो. जमिनीची नोंद महसूल दप्तरात असते, ठेवीची नोंद बँकेच्या खातेवहीत असते आणि दहावीच्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत परीक्षा मंडळाकडून मिळते. लग्नातील छायाचित्र, वडिलांच्या हाताने लिहिलेली जमाखर्चाची वही, परगावहून आलेली पत्रे यांना मात्र दुसरे दप्तर नसते.

घरगुती संगणक तेव्हा शहरांतही विरळ होता. आज छायाचित्रे, हिशेब, पत्रव्यवहार आणि बहुतेक कागदपत्रे संगणकात किंवा मोबाइलमध्ये असतात. साधन बदलले, तरी वरील नियम बदललेला नाही. हार्ड डिस्क निकामी होण्यासाठी भूकंपाचीही गरज नसते. ती टेबलावरून पडणे, विजेचा दाब अचानक वाढणे, लॅपटॉप चोरीस जाणे किंवा चुकून एक कळ दाबली जाणे, एवढे पुरते. म्हणून संगणकविषयक सूचनांच्या गर्दीतून एकच सूचना निवडायची झाली, तर ती बॅकअपची, म्हणजे सुरक्षित प्रतीची निवडावी.

तीन प्रती, दोन साधने, एक परगाव

‘तीन-दोन-एक’ हा याबाबतचा प्रचलित नियम आहे. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने तो रूढ केला. महत्त्वाच्या माहितीच्या मूळ प्रतीसह तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. पहिल्या दोन अटी पुष्कळ जण पाळतात. तिसरी हटकून राहते. लॅपटॉप टेबलावर आणि बाह्य हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात, हे चित्र घरोघरी दिसते. डिस्क बिघडली तर ही व्यवस्था उपयोगी पडते. घरात पाणी शिरले तर मात्र दोन्ही प्रती एकदमच जातात.

याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य तळमजल्यांवरील घरे, दुकाने व कार्यालये पाण्याखाली गेली. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयात चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांपर्यंत पसरली आणि तिच्यात मोठ्या संख्येने फायली जळाल्या. त्या पुन्हा उभ्या करण्यासाठी इतर कार्यालयांतील प्रतींचा आधार घ्यावा लागला. राज्याच्या मुख्य कचेरीची ही गत होते, तर घराची काय कथा.

दुसरे ठिकाण म्हणजे तिजोरीच हवी असे नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्याने वर्षातून दोनदा गावी जाताना एक डिस्क आई-वडिलांच्या घरी ठेवावी आणि तेथील जुनी डिस्क परत आणून तिच्यावर नवी प्रत घ्यावी. दोन भावंडे दोन शहरांत असतील, तर एकमेकांच्या डिस्क सांभाळावयास काहीच हरकत नाही. लहान कार्यालयात मालकाने आठवड्याची प्रत घरी न्यावी. इंटरनेटवरील साठवणूक, म्हणजे क्लाउड, हेही दुसरे ठिकाणच होय. गुगलच्या खात्यात १५ जीबी आणि मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर ५ जीबी जागा विनामूल्य मिळते. कागदपत्रांना ती पुष्कळ होते. छायाचित्रे आणि चित्रफिती आल्या की अपुरी पडते. गुगलच्या १५ जीबींत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिन्हींचा हिस्सा असतो, शिवाय अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. त्यामुळे जागा अनपेक्षितपणे भरते आणि नवी प्रत जाणे थांबते. तशी सूचना आली की ती न वाचता बंद करण्याची सवय महागात पडते.

जुळवणी म्हणजे बॅकअप नव्हे

येथे एक मोठा गैरसमज दूर करावयास हवा. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह संगणकावरील फोल्डरशी जोडले की दोन्हीकडची माहिती सतत सारखी राखली जाते. ही जुळवणी झाली. संगणकावरून फाइल पुसली, की ती क्लाउडवरूनही पुसली जाते. फाइलमधला मजकूर चुकून बिघडला, तर बिघडलेलीच प्रत वर जाते. पुसलेली फाइल गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते, त्यानंतर ती आपोआप नष्ट होते. म्हणजे दिवाळीत पुसल्या गेलेल्या फाइलची आठवण मार्चअखेरीच्या हिशेबाला झाली, तर उशीर झालेला असतो. विंडोज ११ मध्ये तर ‘डेस्कटॉप’, ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ हे फोल्डर वनड्राइव्हशी जोडले गेल्याचे अनेकांच्या लक्षातही येत नाही. जागा रिकामी करण्याच्या हेतूने क्लाउडवरील फाइली पुसल्या जातात आणि संगणकावरील फोल्डरही रिकामे होते. म्हणून क्लाउड असले तरी एक प्रत अशी हवी, जी संगणकाला सदैव जोडलेली नसेल.

जोडणी काढून ठेवण्याला दुसरेही कारण आहे. खंडणीखोर विषाणू, म्हणजे रॅन्समवेअर, संगणकात शिरला की जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरील फाइलींना कुलूप लावतो. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर ठप्प केली. मुंबईलगतच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाजही त्यात विस्कळीत झाले. कंपनीच्या जाळ्यातील वापरकर्त्यांची सारी नोंद ठेवणारे सर्व्हर एकामागून एक नष्ट झाले. ते एकमेकांशी जुळवलेले असल्याने वेगळा बॅकअप ठेवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. अखेर शाबूत सापडला तो आफ्रिकेतील घाना येथील एक सर्व्हर, कारण विषाणू पसरला त्या वेळी तेथे वीज गेली होती. त्याच्यावरची माहिती माणसाकरवी विमानाने लंडनला नेण्यात आली. भारनियमनाला आयुष्यभर शिव्या देणाऱ्या महाराष्ट्रातील वाचकाला हा तपशील गंमतीचा वाटेल.

एरवी वीज जाणे हे संगणकाचे शत्रूच. कागदपत्र लिहिताना दर काही मिनिटांनी कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबण्याची सवय बोटांना लावावी. वर्डमध्ये मजकूर आपोआप तात्पुरता जतन करण्याची सोय असते. तिची मुदत साधारणतः दहा मिनिटांची असते, ती पर्यायांत जाऊन दोन-तीन मिनिटांवर आणता येते. डेस्कटॉप संगणकाला यूपीएस असावाच. त्याची बॅटरी फाइल जतन करून संगणक रीतसर बंद करण्यापुरती असते. काम पुढे रेटत राहण्यासाठी ती नसते. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीत नोंदी चालू असताना वीज गेली, तर माहितीच बिघडू शकते. अशा कार्यालयांत दिवसाचे काम संपल्यावर त्या प्रणालीतील बॅकअपची सोय वापरून तारीखवार प्रत घ्यावी. कालच्या प्रतीवर आजची प्रत लिहिली आणि आजचीच बिघडलेली निघाली, तर हाती काहीच उरत नाही. किमान गेल्या सात दिवसांच्या आणि प्रत्येक महिनाअखेरीच्या प्रती वेगळ्या ठेवाव्यात.

पेन ड्राइव्ह हे फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याचे साधन आहे, वर्षानुवर्षे माहिती जपण्याचे नव्हे. एसएसडीही वीज न देता दीर्घकाळ कपाटात ठेवू नये. कपाटात ठेवायची प्रत जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर घेणे बरे. ती दर सहा महिन्यांनी जोडून पाहावी आणि चार-पाच वर्षांनी बदलावी. त्याच वेळी एखादी फाइल खरोखर उघडते का, हेही तपासावे. परत मिळवून न पाहिलेल्या बॅकअपवर विश्वास ठेवणे धोक्याचे आहे.

फाइल चुकून पुसली गेलीच, तर प्रथम कचरापेटी, म्हणजे रिसायकल बिन, पाहावी. शिफ्ट कळ दाबून पुसलेली फाइल तेथे जात नाही. अशा वेळी फिरत्या हार्ड डिस्कचा वापर ताबडतोब थांबवल्यास ती परत मिळण्याची शक्यता असते. मात्र परत मिळवण्याची प्रणाली त्याच डिस्कवर बसवू नये. एसएसडीवर पुसलेल्या फाइलीची जागा बहुधा लगेच साफ केली जाते. तेथे आशा फारशी नसते. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर संगणक बंद करावा आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळावा.

मराठी फाइलींचा वेगळा प्रश्न

फाइल शाबूत आहे, पण वाचता येत नाही, हे संकट मराठी वापरकर्त्यांच्या वाट्याला विशेष आले आहे. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आणि ‘मंगल’ हा फॉन्ट आला. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षे श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा प्रणालींच्या फॉन्टमध्ये मराठी मजकूर लिहिला गेला. त्यांत प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की आजोबांचे आत्मचरित्र किंवा संस्थेचे इतिवृत्त निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन समोर येते. जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी अशा फाइली त्यावर उघडून त्यांची पीडीएफ प्रत काढावी, तसेच परिवर्तकाच्या साह्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तनानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत. चुका तेथेच होतात. मूळ फाइल पुसू नये.

फाइलींची नावे देतानाही पुढचा विचार करावा. ‘नवीन१’, ‘फायनल’, ‘फायनल२’ या नावांनी सहा महिन्यांनंतर काहीच बोध होत नाही. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख आणि पुढे विषय लिहिला, की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. गावांची व जिल्ह्यांची नावे बदलतात, हेही ध्यानात असू द्यावे. सास्तूर १९९३ मध्ये उमरगा तालुक्यात होते, आज ते लोहारा तालुक्यात आहे. जिल्हाही २०२३ पासून धाराशिव झाला. जुने कागद शोधताना ‘उस्मानाबाद’ आणि ‘धाराशिव’ ही दोन्ही नावे देऊन पाहावीत.

शासकीय कागदपत्रांपुरता काही भार आता हलका झाला आहे. केंद्र शासनाच्या डिजिलॉकरमध्ये जारी करणाऱ्या खात्याकडून थेट आलेला वाहन परवाना किंवा गुणपत्रिका कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाते. वापरकर्त्याने स्वतः स्कॅन करून तेथे चढवलेल्या प्रतीला तो दर्जा नसतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उताराही महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरून मिळतो. घरच्या छायाचित्रांची आणि वह्यांची जबाबदारी मात्र ज्याची त्यानेच घ्यायची आहे.

शेवटची गोष्ट परवलीच्या शब्दांची. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कूटबद्ध होते. मदरबोर्ड बदलला किंवा काही बिघाड झाला, तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागितला जातो. तो बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात नोंदलेला असतो. तो आजच काढून कागदावर लिहून ठेवावा. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल पुसून टाकू शकते, आणि वापरणारी व्यक्ती हयात नसली तरी हा काळ मोजला जातोच. यासाठी गुगलच्या ‘इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ या सोयीत घरातील एका व्यक्तीचे नाव नोंदवता येते. डिस्कचा परवलीचा शब्द, खात्यांची नावे आणि बॅकअप कोठे आहे याची चिठ्ठी बंद पाकिटात घालावी, आणि ते पाकीट डिस्क असलेल्या घरी न ठेवता दुसऱ्या घरी ठेवावे.