जातं बाईचं, गिरणी बाप्याची

आमच्या माणदेशात कामं वाटून दिलेली होती. नांगर, मोट, पाभर बाप्याची. खुरपणी, पाखडणं, शेणघाण, पाणी आणि जातं बाईचं. पाभरीमागं मोघण धरून तूर पेरत चालायची ती बाईच, पण बैलांचा कासरा तिच्या हाती येत नसे. "बाईनं नांगराला हात लावू नाय, शिवार कोपतं," असं आजी म्हणायची. त्यावर कुणी शंका काढत नसे.

मग गावात इंजिनाची गिरणी आली. पहाटे उठून, हाताला घट्टे पाडून, फुकट दळायचं होतं तोवर दळण बायकांचं होतं. पट्टा फिरायला लागला, पायलीमागं पैसे मिळायला लागले आणि गिरणीवाला झाला बाप्या. आजीला त्याचं वाईट वाटलं नाही. तिची पहाटेची झोप वाढली होती. पण पैसे द्यायला तिला वडिलांकडंच हात पसरावा लागे.

ही वाटणी साऱ्या जगात अशीच नव्हती. एस्टर बोसरप या डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७० साली याच विषयावर पुस्तक लिहिलं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जिथं कुदळीची शेती होती, तिथं झाडं तोडून रान मोकळं केलं की पुढची बरीचशी शेती बायकाच करत. जिथं नांगर अन् बैल होते, तिथं शेताचा कारभार पुरुषाकडं असे. म्हणजे शिवार कोपायचं तेही अवजार बघून!

आमच्याकडची वाटणी हलवली १९७२ च्या दुष्काळानं. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यात बायका ढिगानं. आमची आई आणि वडील शेजारी बसून खडी फोडत. ढीग मोजणारा माप बघायचा. फोडली कुणी हे विचारत नव्हता. त्याच काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि त्यात बाई-बाप्याला मजुरी सारखी ठरली. सरकारी कामावर सारखी, हं! बागायतदाराच्या बांधावर आईची हजेरी वडिलांपेक्षा कमीच राहिली. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं : "खुरपणी म्हंजे हलकं काम."

उन्हात दिवसभर उकिडवं बसून सऱ्या काढणं ज्यानं केलंय, तो त्याला हलकं म्हणणार नाही. ते बाईचं होतं, म्हणून हलकं ठरलं.

आता तणनाशक आलंय. पंप बाप्याच्या पाठीवर असतो आणि एका दिवसात तो दहा बायकांची खुरपणी उरकतो. त्याची हजेरी मात्र कुणी हलकी धरत नाही. घरी बसलेल्या त्या दहा जणींना पुढं काय काम, हे आमच्या गावात अजून ठरायचं आहे.