बोक्याची शुगर आणि दीड किलोचं मशीन

हा लेख मांजरावर आहे, पण सुरुवात एका माणसापासून करावी लागणार. रिचर्ड बर्नस्टीन हे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. मीही गेल्या वर्षीपर्यंत ऐकलं नव्हतं. जन्म १९३४, अमेरिका. वयाच्या बाराव्या वर्षी टाइप १ मधुमेह. कोलंबिया विद्यापीठातून शिकलेला इंजिनिअर (म्हणजे आपल्यातलाच!). १९६९ साली, पस्तिशीतच, मधुमेहाने पोखरलेलं शरीर घेऊन हा गृहस्थ प्रयोगशाळांच्या धंद्याचं एक मासिक चाळत होता आणि त्यात त्याला एक जाहिरात दिसली. एक थेंब रक्त घ्या, मिनिटाभरात साखर कळेल असं मशीन. किंमत ६५० डॉलर, वजन तीन पौंड, म्हणजे साधारण दीड किलो. हे मशीन होतं हॉस्पिटलच्या इमर्जन्सी वॉर्डसाठी. रात्री लॅब बंद असताना बेशुद्ध आणलेला माणूस दारू प्यायलाय की मधुमेही आहे हे ओळखायला!

बर्नस्टीनने कंपनीला विचारलं, कंपनीने सांगितलं की आम्ही फक्त डॉक्टरांना विकतो. पेशंटला कशाला हवंय? पण त्याची बायको डॉक्टर होती. तिच्या नावाने ऑर्डर दिली आणि मशीन घरी आलं. मग त्याने तेच केलं जे आपण प्रॉडक्शनमधला बग सापडत नसला की करतो, लॉगिंग वाढवलं. दिवसातून पाच-सहा वेळा रक्त तपासायला लागला. कळलं काय, तर साखर दिवसात दोनदा ४० च्या खालून ४०० च्या वर झोके घेतेय. (आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, आपल्याकडच्या रिपोर्टात असतात तेच. पुढेही तेच समजा.) इतकी वर्षं डॉक्टर सांगतील तसं वागूनही प्रकृती का ढासळत होती, त्याचं उत्तर त्या आकड्यांत होतं. त्याने इन्सुलिनचे डोस तोडून लहान केले, खाणं बदललं आणि गाडी रुळावर आली. हे सगळं लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवलं, तर ते परत आलं. इंजिनिअरचं कोण ऐकणार? मग हा बाबा ४५ व्या वर्षी मेडिकल कॉलेजात गेला, डॉक्टर झाला आणि २०२५ मध्ये नव्वदीत वारला. टाइप १ घेऊन नव्वदी!

आता बोका. आमचा बंड्या अकरा वर्षांचा, नसबंदी झालेला, एके काळी सहा किलोंचा. गेल्या वर्षी तो पाणी ढोसायला लागला, मातीचा ट्रे दिवसातून तीनदा बदलावा लागायचा, आणि खाऊनपिऊन वाळत चालला. मग मागचे पाय टाचेवर टेकून चालायला लागला. मांजरं खरं तर बोटांवर चालतात, असं टाचा टेकणं हे मधुमेहात नसा बिघडल्याचं लक्षण. डॉक्टरांकडे नेलं, साखर ३८०. दिवसातून दोनदा एक एक युनिट इन्सुलिन सुरू झालं, आणि डॉक्टर म्हणाल्या, "घरी शुगर बघता येईल का? इथे आणलं की ते घाबरतं आणि घाबरल्यावर मांजराची साखर अशीच चढते. इथल्या आकड्यावर डोस ठरवायला मला आवडत नाही."

यात एक मेख आहे. मांजरांचा मधुमेह पुष्कळदा माणसाच्या टाइप २ सारखा असतो आणि इन्सुलिन वेळेवर सुरू केलं तर काही मांजरांत तो चक्क माघार घेतो. ऐकायला छान वाटतं. पण माघार घेतोय हे तुम्हाला कळलं नाही आणि तुम्ही इमानदारीत तोच डोस टोचत राहिलात, तर साखर तळ गाठते, झटके येतात आणि चार-पाच किलोचा जीव रात्रीत जाऊ शकतो. म्हणजे बरं होण्याच्या वाटेवर असतानाच धोका सगळ्यात जास्त! म्हणून घरी मीटर हवंच. प्रश्न एवढाच, की कुठलं?

मी गूगल करायला बसलो तो मीटर निवडायला आणि वाचत बसलो इतिहास. नेहमीचंच.

रक्त तपासणं घरात येण्याआधी सगळा खेळ लघवीचा होता. आपल्याकडे 'मधुमेह' हा शब्दच त्या गोडीवरून आलाय. बेनेडिक्टचं निळं द्रावण तुम्ही अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला उकळलं असेल. निळ्याचं हिरवं, पिवळं, नारिंगी, शेवटी विटकरी. ते स्टॅन्ली बेनेडिक्टने १९०८ च्या सुमारास बनवलं आणि पुढची कित्येक दशकं मधुमेही लोक घरी टेस्टट्यूब आणि स्पिरिटचा दिवा घेऊन हेच करत होते. १९४१ मध्ये गोळी आली, दिव्याची गरज संपली. १९५६ मध्ये कागदी पट्टी आली, ट्यूबचीही गरज संपली. पण मूळ दुखणं तसंच. लघवीत साखर उतरते ती रक्तात एक मर्यादा ओलांडल्यावर. माणसात साधारण १८०, मांजरात त्याहून बरीच वर, २५० च्या पुढे. म्हणजे पट्टी कोरी आली तर साखर १७० आहे की ४०, काही पत्ता नाही. शिवाय लघवी काही तासांत साठलेली, म्हणजे कालचा पेपर आज वाचण्यासारखं. ज्या गोष्टीने जीव जातो, नेमकी तीच यात दिसत नाही.

१९६५ मध्ये एम्स कंपनीने रक्तासाठी पट्टी काढली, डेक्स्ट्रोस्टिक्स. तिच्यावर चांगला टपोरा थेंब घ्यायचा, साठ सेकंद मोजायचे, पाण्याने धुवायचा आणि निळ्या रंगाची छटा तक्त्याशी जुळवायची. दहा माणसं दहा आकडे सांगणार. म्हणून त्याच कंपनीच्या अँटन क्लेमन्सने ती छटा डोळ्यांऐवजी प्रकाशाच्या परावर्तनावरून मोजणारं मशीन बनवलं. बर्नस्टीनने विकत घेतलं ते हेच. डॉक्टर मंडळींना पेशंटच्या हातात हे द्यायला जवळजवळ आणखी दहा वर्षं लागली. १९७८ मध्ये लंडन आणि नॉटिंगहॅमच्या दोन गटांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की साधी माणसं घरी रक्त तपासू शकतात, आणि त्याने त्यांची साखर सुधारते.

पण जरा विचार करा, तो टपोरा थेंब मांजराच्या कुठल्या बोटातून काढणार? पुढची उडी मांजरवाल्यांसाठी म्हणूनच मोठी. १९८७ मध्ये पेनच्या आकाराचं एक्झॅकटेक मीटर आलं. क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांचं काम. यात रंगच नाही. पट्टीवर एन्झाइम असतं, ते ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन काढून घेतं, मध्ये फेरोसीनचं संयुग दलालासारखं ते इलेक्ट्रॉन उचलून इलेक्ट्रोडला पोचवतं आणि मीटर करंट मोजतं. पुसणं नाही, धुणं नाही. मग अॅडम हेलर हा टेक्सासचा रसायनतज्ज्ञ. नाझींच्या छळातून वाचलेला. त्याने मुलाबरोबर १९९६ मध्ये थेरासेन्स कंपनी काढली. त्यांचं म्हणणं, करंटचा वेग कशाला मोजायचा, थेंबातले सगळे इलेक्ट्रॉन मोजून टाका! सगळेच मोजायचे तर थेंब जितका लहान तितकं बरं. २००० साली आलेल्या त्यांच्या फ्रीस्टाइल मीटरला ०.३ मायक्रोलिटर रक्त पुरायचं. टाचणीच्या डोक्याहून लहान. २००४ मध्ये अॅबटने कंपनी घेतली आणि पुढे त्याच घराण्यातलं अल्फाट्रॅक नावाचं मीटर खास कुत्र्या-मांजरांसाठी काढलं.

त्याच सुमारास तिकडे झुरिचमध्ये क्लाउडिया रॉइश आणि त्यांचे सहकारी माणसांची पाच मीटरं मांजरांवर लावून बघत होते. रक्त कुठून? कानाच्या कडेच्या बारीक शिरेतून. २००० साली त्यांचे पेपर आले आणि २००४ मध्ये २६ मांजरांचा हिशोब, ज्यांच्या मालकांनी दीर्घकाळ घरी साखर तपासली होती. बर्नस्टीनला पस्तीस वर्षांपूर्वी "पेशंटला कशाला हवंय" म्हणाले होते. इथे पेशंटला विचारायची सोयच नव्हती, पण काम झालं.

मग खास मांजराचं मीटर कशाला, माणसाचं चालत नाही का? इथे खरी गंमत आहे आणि सॉफ्टवेअरवाल्यांना ती लगेच कळेल. लॅब मोजते प्लाझ्मातली साखर. घरचं मीटर मोजतं अख्ख्या रक्तात, आणि मग आतल्या आत गुणाकार करून प्लाझ्माचा आकडा दाखवतं. तो गुणाकार माणसाच्या रक्तावर बेतलेला. माणसाच्या रक्तात साधारण ५८ टक्के साखर प्लाझ्मात आणि ४२ टक्के लाल पेशींत असते. मांजरात? प्लाझ्मात ९३, पेशींत ७! कुणीतरी कोडमध्ये आकडा हार्डकोड केलाय आणि आपण दुसरंच इनपुट देतोय. परिणाम असा की माणसाची मीटरं मांजराची साखर बहुधा कमी दाखवतात आणि साखर जितकी जास्त तितकी तफावत मोठी. प्राण्यांच्या मीटरमध्ये मांजर आणि कुत्रा यांचं सेटिंग वेगळं असतं ते याचसाठी. कुत्र्याच्या पेशींत साडेबारा टक्के असते.

तर सरळ अल्फाट्रॅक घ्यावं, नाही का? पुण्यात मी सहा दुकानं पालथी घातली, पट्ट्या एकाकडेही नव्हत्या. मागवून मिळतात, पण महाग, आणि कधी येतील याचा भरवसा नाही. आणि मीटरचा धंदा प्रिंटरसारखा असतो हे लक्षात ठेवा. मशीन जवळपास फुकट, कमाई पट्ट्यांवर. बंड्याला दिवसाला दोन पट्ट्या किमान लागतात, डोस बदलला की आठ-दहा. रात्री अकराला बोका लडखडायला लागला आणि डबीत पट्टी नसली, तर जगातलं सगळ्यात अचूक मीटर काय चाटायचंय?

शेवटी उत्तर फ्रिजवरच होतं. बाबांचं मशीन! बाबांना बारा वर्षं शुगर आहे. त्यांच्या मीटरला ०.६ मायक्रोलिटर पुरतं, पट्टी कडेने रक्त ओढून घेते (कान हलला तरी चालतं), पहिला थेंब कमी पडला तर दुसरा लावू देते, आणि पट्ट्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे कायम. तेच मॉडेल बंड्यासाठी वेगळं घेतलं. सुया अर्थातच वेगळ्या.

बाबांचा आधी विश्वास बसेना. "अरे, माणसाचं मशीन त्याला कसं चालेल?" प्रश्न रास्त होता, म्हणून डॉक्टरांना सांगून एकाच वेळी लॅबला रक्त दिलं आणि आपल्या मीटरवरही घेतलं. लॅब ३१२, मीटर २५४. महिन्याने पुन्हा, लॅब १४८, मीटर १२६. म्हणजे चूक आहे, पण एकाच दिशेची, आणि वर जाल तशी वाढणारी. मुळात माणसाच्या मीटरनाही १०० च्या वर १५ टक्के इकडे-तिकडे मान्य असतं, तसा आयएसओचा नियमच आहे. डॉक्टर म्हणाल्या, "चालेल. फक्त मीटर बदलू नका, आणि मला आकडा सांगताना कुठल्या मीटरचा ते सांगा." दुसरं असं की कमी दाखवणारं मीटर हायपोच्या बाबतीत आपल्याला जरा लवकरच घाबरवतं. उशिरा घाबरण्यापेक्षा ते परवडलं. उलट मांजराच्या मीटरवर ६० आलं तर ते खरंच ६० समजून धावायचं. म्हणून इंटरनेटवरचे डोसचे तक्ते वाचताना ते कुठल्या मीटरसाठी लिहिलेत हे आधी बघा, हात जोडून सांगतो.

(आणखी एक, विषय सोडून. आपल्याकडे इन्सुलिन ४० युनिटचंही मिळतं आणि १०० युनिटचंही. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, नारिंगी १०० ची. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट होतो. केमिस्टकडे दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात!)

तंत्र साधं आहे. मोज्यात तांदूळ भरून पुरचुंडी करायची, कोमट करून कानाला शेक द्यायचा, कानामागे कापूस धरून कडेला टोचायचं आणि लगेच चिकनचा तुकडा. पहिला आठवडा कुस्ती झाली. आता पुरचुंडी बघितली की बंड्या स्वतः येऊन बसतो, चिकनसाठी. २०१४ मध्ये युरोपात आलेला लिब्रेचा सेन्सर मांजरांनाही लावतात, चौदा दिवस टोचणं नको. आम्ही मानेवर लावून बघितला. पाचव्या दिवशी तो सोफ्याखाली सापडला.

मार्चमध्ये एका संध्याकाळी इंजेक्शनच्या आधीचा आकडा आला ९२. त्याआधीचा आठवडा १६०, १५१, १३८ असा उतरत होता. लिहून ठेवला होता म्हणून दिसला. डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या, "आजचा डोस देऊ नका. दोन-दोन तासांनी बघा." दहाला ११८, बाराला १२१, दोनला १०९. आई मध्येच उठून विचारून गेली, "खाल्लं का रे त्याने?" सकाळी १२७. डोस अर्ध्यावर आला, मेमध्ये बंद झाला. मागचे पाय आता पुन्हा बोटांवर टेकतात, जिन्यावर थोडा अडखळतो. आठवड्यातून एकदा अजून तपासतो, कारण मधुमेह परत येऊ शकतो. आणि केमिस्ट अजूनही बाबांना विचारतो, "काका, पट्ट्या कमी झाल्या तुमच्या. तपासत नाही का हल्ली?"