दम लागलेली गाडी

आमच्या शांती नगरात मोटार बाळगणं ही चैन नव्हे. चैन म्हणजे ती उभी करायला जागा मिळणं. आमची डिझेलची गाडी फाटकाजवळच्या एकाच झाडाखाली पंधरा वर्षं उभी आहे. जागा जाईल या धास्तीनं आम्ही रविवारीही बाहेर पडत नाही, असं शेजारी म्हणतात. ते खोटं नाही.

गेल्या महिन्यात मात्र आईला घेऊन ठाण्याला बहिणीकडे निघालो. काशिमिऱ्यापर्यंत गाडी गुणी मुलासारखी चालली. गायमुखच्या घाटात तिनं मान टाकली. पाय पार तळाला टेकला तरी वेग वाढेना. बांबू भरलेला एक टेम्पो आम्हांला मागं टाकून गेला आणि जाताना त्याच्या क्लीनरनं माझ्याकडे जी दयेची नजर टाकली, ती मी जन्मात विसरणार नाही. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, हिला दम लागलाय. जरा थांबव, पाणी पाज."

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं कान लावला आणि डॉक्टरी गांभीर्यानं सांगितलं, "साब, टर्बो गया." गेलेल्याला परत आणायचा खर्च पस्तीस हजार. चिरंजीव म्हणाले, "बाबा, गाडीला पंधरा वर्षं झाली. पुन्हा नोंदणी करायची, पर्यावरण कर भरायचा, वर हा खर्च. द्या भंगारात."

हिशेब बिनचूक होता. पण ही गाडी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, २०१० साली हौसेनं घेतलेली. नाना २०१७ साली गेले. त्यांच्या खुर्चीवर आता वर्तमानपत्रांची रद्दी असते, चष्मा कुठल्याशा कपाटात आहे. जागच्या जागी उरलेली त्यांची वस्तू म्हणजे ही गाडीच. हे चिरंजीवांना सांगणं मला जमलं नाही. मी नुसतं म्हणालो, "आधी अभ्यास करू."

आमच्या पिढीला अभ्यास म्हणजे इतिहास. मी थेट १९०५ सालापासून सुरुवात केली.

त्या वर्षी आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनिअरनं या कल्पनेचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात पुष्कळ जोर असतो, तो फुकट जातो. त्या धुरानं एक चक्र फिरवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून जाळायला डिझेल जास्त, म्हणून ताकद जास्त. कोंड्याचा मांडा करणारा हा माणूस मराठी घरात कसा जन्मला नाही, याचं मला नवल वाटतं. पुढे १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकनानं असं यंत्र लावलेलं विमानाचं इंजिन पाइक्स पीक या डोंगरावर नेलं. तिथं, चौदा हजार फुटांवरच्या विरळ हवेतही, त्याचा दम टिकला. आणि आम्ही गायमुखला बसलो!

आपण सगळ्यांनी टर्बो पाहिलेला आहे, फक्त ओळख झालेली नाही. १९६२ साली अमेरिकेहून आलेली आणि नंतर वाराणसीत बनू लागलेली डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिनं आठवा. गाडी हलताना केवढा काळा लोट सोडायची! ड्रायव्हरनं डिझेल वाढवलेलं असायचं, पण टर्बोचं चक्र अजून वेग घेत असायचं. हवा कमी पडायची, डिझेल अर्धवट जळायचं आणि खिडकीतल्या प्रवाशाचा शर्ट काळा व्हायचा.

खरी पंचाईत निराळीच होती. जोर मिळवणं सोपं होतं, कुठं थांबायचं ते टर्बोला कळत नव्हतं. धूर वाढला की चक्र वाढे, चक्र वाढलं की धूर वाढे, आणि दाब फाजील झाला की इंजिन फुटे. १९६२ सालच्या ओल्ड्समोबाइल जेटफायर या अमेरिकन मोटारीला म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण पाजावं लागे. मालक ते भरायला विसरत, आणि मग गाडी आपला जोर आवरून घेई. आईचा "पाणी पाज" हा सल्ला अगदीच अडाणी नव्हता तर! सत्तरीच्या दशकाच्या शेवटी स्वीडनच्या साब कंपनीनं लहान टर्बो बसवला, आणि दाब वाढला की धूर बाजूनं सोडून देणारी झडप त्याच्या जोडीला दिली. आपल्याकडे पुण्याच्या कारखान्यातून १९९८ साली टाटांची सफारी निघाली ती टर्बो डिझेल घेऊनच.

आमच्या गाडीत हा आवर घालायला मोठा गोतावळा आहे. टर्बोतली पाती हलवते एक दांडी. दांडीला ओढते एक पत्र्याची डबी. डबीतली हवा शोषतो इंजिनावरचा पंप. किती शोषायची ते ठरवते विजेवर चालणारी झडप. आणि या सगळ्या नातेवाइकांना जोडतात रबरी नळ्या. म्हणजे टर्बो ठणठणीत असूनही गाडी मरगळू शकते!

रविवारी चिरंजीवांना इंजिन सुरू करायला सांगून मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. दांडी ओढली जायला हवी होती, ती ढिम्म. बावीसशे रुपयांची नवी झडप आणून बसवली. दांडी ढिम्मच. चिरंजीव काही बोलले नाहीत, फक्त मोबाइलवर भंगाराचा भाव पाहू लागले.

हात पुसायला फडकं हवं म्हणून पुढचा कप्पा उघडला आणि नानांची वही हाती आली. डिझेलच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब त्यात होता. मधेच निळ्या शाईत एक ओळ: "१२ मे २०१६. घाटात दम. पुढची रबरी नळी चिरलेली, बदलली. मागची पुढच्या वेळी बघणे."

पुढची वेळ नानांना मिळाली नाही.

मी इंजिनामागं हात घातला. नळी बोटांनी दाबली तर बिस्किटासारखी तुटली. तिच्यातून हवा गळत होती. डबीला ओढायला जोरच उरत नव्हता. नवी नळी आणली, खर्च दोनशे रुपयांच्या आत. इंजिन सुरू केलं आणि दांडी टपकन ओढली गेली. चिरंजीवांनी मोबाइल खिशात टाकला.

स्वित्झर्लंडपासून स्वीडनपर्यंतचा इतिहास मी पालथा घातला आणि उपयोगी पडलेला इतिहास हातभर अंतरावरच्या कप्प्यात होता.

त्याच संध्याकाळी आईला घेऊन पुन्हा गायमुखला गेलो. या वेळी एका टेम्पोला मागं टाकलं. बांबूवाला नव्हता, पण समाधान तेवढंच झालं. आई म्हणाली, "बघ, पाणी पाजलंस ना?" मी "हो" म्हटलं.

पुन्हा नोंदणीचा अर्ज आता भरला आहे. वहीत नानांच्या ओळीखाली मी लिहिलं: "मागची नळी बदलली. पंपाकडून कुरकुर ऐकू येते, पुढच्या वेळी बघणे." वही कप्प्यात परत ठेवली. चिरंजीवांना सापडेल अशी, वरच.