पुन्हा करून बघायला पैसे कोण देतं?

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. वरवर विषय बालमृत्यूचा आहे, पण खरा विषय पैशाचा आहे.

सरकारी भाषेत ‘पथदर्शी प्रकल्प’ असा एक लाडका शब्द आहे. एका तालुक्यात काहीतरी करून बघायचं, आकडे चांगले आले की फोटो काढायचे आणि राज्यभर परिपत्रक पाठवायचं. मधली एक पायरी बहुतेक वेळा गाळली जाते. तेच काम दुसऱ्या गावांत, दुसऱ्या माणसांच्या हातून करून बघायचं आणि पहिल्याइतक्याच काटेकोरपणे मोजायचं, ही ती पायरी. त्यासाठी पैसे मागितले की उत्तर ठरलेलं: “हे सिद्ध झालंय ना, मग परत कशाला?” आपल्या महाराष्ट्रातल्या एका कामाच्या बाबतीत ही पायरी चढली गेली. तिथे जे सापडलं त्याचा आमच्या माहूर-किनवटच्या तांड्यांशी आणि कोलाम पोडांशी थेट संबंध आहे.

सुरुवात गडचिरोलीत झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था काढली. १९९३ ते ९५ या काळात त्यांनी आधी फक्त मोजलं. ३९ गावं एका बाजूला, ४७ गावं दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे हजार जन्मांमागे साधारण साठ बाळं पहिल्या २८ दिवसांतच जात होती. मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जायचं, बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब कशी द्यायची ते दाखवायचं, जन्मताच श्वास घेत नसेल तर काय करायचं ते करायचं. आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर जेंटामायसिनचं इंजेक्शन स्वतः द्यायचं. पाच-दहा इयत्ता शिकलेली बाई तान्ह्या लेकराला सुई टोचते, हे त्या वेळी भल्याभल्या डॉक्टरांच्या पचनी पडत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, त्या ३९ गावांत नवजात मृत्यूदर हजारी २५.५ वर आला होता. शेजारच्या ४७ गावांत तो ५९.६ होता. घट ६२ टक्के. डिसेंबर १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि जगभर गाजलं.

आता खरी शंका बघा, आणि ती रास्तच होती. हे बंग दांपत्यामुळे झालं की पद्धतीमुळे? तीच पद्धत दुसऱ्यांच्या हाती दिली तर? बाहेरच्या देणगीतून ‘अंकुर’ प्रकल्प निघाला आणि महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी आपापल्या भागात, काही ठिकाणी शहरी वस्त्यांतही, तेच करून पाहिलं. मृत्यू निम्म्याच्या आसपास कमी झाले. पण याही स्वयंसेवी संस्थाच होत्या, जीव तोडून काम करणाऱ्या. सरकारी यंत्रणेत काय होईल याचं उत्तर त्यातून मिळत नव्हतं.

ते शोधलं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं. देशातल्या पाच जिल्ह्यांत, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गावांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात फक्त याच कामासाठी नेमलेला कार्यकर्ता, त्याचं नाव ‘शिशुरक्षक’. दुसऱ्या गटात हेच काम, हीच औषधं, हेच इंजेक्शन, पण जबाबदारी आधीपासूनच्या अंगणवाडी सेविकेकडे. तिसऱ्या गटात नेहमीची सरकारी सेवा. २००८-०९ मध्ये शेवटची मोजणी झाली ती स्वतंत्र पथकाकडून, आणि कोणतं गाव कोणत्या गटातलं हे त्या पथकाला सांगितलेलंच नव्हतं.

शिशुरक्षकाच्या गावांत नवजात मृत्यूचा धोका २५ टक्क्यांनी कमी निघाला. अंगणवाडी सेविकेच्या गावांत नेहमीच्या सेवेपेक्षा फरक दिसलाच नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की त्या २५ टक्क्यांभोवती अनिश्चितता मोठी आहे. खरा आकडा ४३ असू शकतो आणि १ सुद्धा असू शकतो. गडचिरोलीच्या ६२ टक्क्यांपुढे तो लहान वाटतो, पण दहा वर्षांत देश बदलला होता. या गावांत दहातली सहा-सात बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली होती. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा निकाल. पद्धत तीच राहिली, ती घेऊन घरी जाणारं माणूस बदललं, आणि फरक गेला. सेविका आळशी होत्या असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. पोषण आहार, लहान मुलांचा वर्ग, वजनं, रजिस्टरं, लसीकरणाच्या दिवशी हजेरी, हे सगळं सांभाळून तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी वस्तीवरच्या बाळंतिणीकडे कधी जायचं तिनं?

केनियातही असाच अनुभव आला. कंत्राटी शिक्षक नेमले की मुलं जास्त शिकतात, असं आधीच्या प्रयोगात दिसलं होतं. नंतर देशभरातल्या शाळांत पुन्हा करून पाहिलं, तर ‘वर्ल्ड व्हिजन’ या संस्थेनं राबवलं तिथे मुलांचे गुण वाढले, आणि सरकारनं राबवलं तिथे काहीच वाढलं नाही.

पुन्हा तपासण्याचा आणखी एक, स्वस्त प्रकार आहे. पहिल्याच अभ्यासाची आकडेमोड दुसऱ्यानं करून बघायची. केनियातल्या बुसिया भागातल्या शाळांमधल्या जंताच्या गोळीचा प्रसिद्ध अभ्यास असा तपासला गेला, त्यासाठी ‘थ्री आय ई’ या संस्थेनं पैसे दिले. २०१५ मध्ये निकाल आला. मूळ गणितात चुका सापडल्या, काही निष्कर्ष टिकले, काही डळमळले, आणि तज्ज्ञांत जोरदार भांडण जुंपलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. भांडणाची बातमी आमच्या शाळांपर्यंत काही आली नाही, गोळी मात्र आली. गोळी देऊच नये असं मी म्हणत नाही. ती स्वस्त आहे, आणि पोटात जंत असतील तर द्यायलाच हवी.

परत आपल्या विषयाकडे. परिषदेच्या चाचणीची शेवटची मोजणी २००९ ची. केंद्रानं घरोघरी नवजात बालकाच्या काळजीचा कार्यक्रम देशभर लावला २०११ मध्ये, आशाताईंच्या हातून. आणि चाचणीचा निबंध छापून आला २०२० मध्ये! सामान्य माणसाला वाचता येईल असा निकाल धोरणानंतर नऊ वर्षांनी.

त्यातही जे लावलं ते गडचिरोलीचं जसंच्या तसं नव्हतं. आशाताईच्या हातात इंजेक्शन नाही, आजारी बाळ दिसलं की तिनं पुढे पाठवायचं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात, आणि सगळ्या भेटींचा मिळून मोबदला ठरला २५० रुपये. शिवाय आशाताईकडेही आता कामांचा तसाच ढीग आहे. म्हणजे चाचणीतल्या शिशुरक्षकाच्या जवळ ती आहे की सेविकेच्या, हा प्रश्न अगदी उघड आहे.

माहूरला हा प्रश्न पुस्तकी नाही. ‘पुढे पाठवा’ म्हणजे पोडावरून आधी रस्त्यापर्यंत, तिथून ग्रामीण रुग्णालय, आणि बाळ फारच सुकलं असेल तर नांदेड, शंभर किलोमीटरहून लांब. पावसाळ्यात पैनगंगा आणि ओढे फुगले की हिशेब आणखी बदलतो. गडचिरोलीत सुई बाळापर्यंत जात होती. आपण बाळाला सुईपर्यंत न्यायला सांगतो.

जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळी तरतूद असते. माझं मागणं एवढंच की त्यातला थोडा पैसा नव्या कल्पनेऐवजी या जुन्या कामावर लावा. माहूर आणि किनवट तालुक्यांतली गावं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटा. एका गटात आशाताईंकडची इतर कामं कमी करा, घरभेटींचा मोबदला वाढवा, आणि आजारी बाळाला सुई द्यायला परिचारिका घरी जाईल अशी सोय करा. दुसऱ्या गटात आहे तसं चालू द्या. तीन वर्षं प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू बाहेरच्या पथकाकडून मोजून घ्या, आणि निकाल काहीही आला तरी सहा महिन्यांच्या आत मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.