दरडप्रवण वस्त्यांचे संरक्षण

अतिवृष्टीमुळे डोंगरउतारावरील माती, मुरूम व दगड सुटून खालच्या वस्तीवर येऊ नयेत, आणि आलेच तर त्याआधी माणसे तेथून हललेली असावीत, यासाठी करावयाच्या उपायांचा समूह. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः रायगड, रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर, सिंधुदुर्ग व ठाणे या सह्याद्रीलगतच्या जिल्ह्यांत उद्‌भवतो.

कारणे : सह्याद्री हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून बनला. खालचा अखंड कातळ पाणी फारसे मुरू देत नाही. त्यावरचा झिजलेला मुरूम, माती व सुटे धोंडे मात्र पाणी पितात. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबडी चिकणमातीही असते. सतत पाऊस पडला की मुरलेले पाणी कातळाच्या सांध्यावर साठते, मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, घर्षण कमी होते आणि वरचा भाग आपल्याच वजनाने घसरतो. भारतीय हवामान विभाग २४ तासांत २०४.४ मिमी.पेक्षा जास्त पावसाला ‘अत्यंत मुसळधार’ म्हणतो. पण एका दिवसाच्या आकड्याइतकेच आधीच्या दिवसांत मुरलेले पाणीही निर्णायक असते. रस्त्यासाठी उताराचा पायथा तोडणे, ओढ्यांच्या वाटा बुजवणे, झाडे काढणे आणि यंत्राने उतार सपाट करणे यांमुळे धोका वाढतो.

प्रमुख घटना : २५-२६ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव गाडले जाऊन १५१ जण मृत्युमुखी पडले. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा ही खबर बाहेर गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ८० हून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास खेड तालुक्यातील पोसरे आणि पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथेही दरडी आल्या. महाबळेश्वरला तेव्हा २४ तासांत सुमारे ५९४ मिमी. पाऊस नोंदला गेला. १९ जुलै २०२३ रोजी रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकर समाजाच्या वाडीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले व ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्याने यंत्रे वर नेता आली नाहीत.

धूप आणि दरड : शेतातील मातीची धूप रोखण्यासाठी राज्यात समतल चर, बांधबंदिस्ती व ताली यांचा वापर होतो, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे त्यामागचे सूत्र. मंद उतारावर ते योग्य आहे. परंतु वस्तीच्या डोक्यावरील तीव्र, सैल मातीच्या उतारावर पाणी जिरवणे म्हणजे घसरणीला बळ देणे होय. तेथे पाणी लवकर बाहेर काढावे लागते. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात एकमेकांच्या श्रमातून उतारावर भातखाचरे बांधण्याची ‘पडकई’ ही जुनी रीत आहे. हाताने, थोडे थोडे होणाऱ्या या कामाला सरकारी योजनेत यंत्रांची जोड मिळाली. माळीणनंतर अशा सपाटीकरणाने उतार कमकुवत झाला का, यावर मोठा वाद झाला.

स्थानिक उपाय : उताराच्या माथ्याशी पाणी वळवणारे पक्के गटार, भेगा मातीने बुजवणे, भिंतीमागील पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे, तारेच्या जाळीत दगड भरून बांधलेली भिंत आणि दगड अडवणाऱ्या जाळ्या हे प्रमुख उपाय होत. वाळा, बांबू व स्थानिक झुडपे वरवरची माती धरून ठेवतात. मात्र मुळांच्या खोलीपलीकडची घसरण ती रोखू शकत नाहीत.

पूर्वलक्षणे व स्थलांतर : जमिनीला किंवा घराच्या जोत्याला नवी भेग पडणे, झाडे व विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या अडकू लागणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, नवा झरा फुटणे, डोंगरातून गडगडाट येणे ही लक्षणे होत. ती दिसताच घर सोडावे आणि ओढ्याच्या वाटेने खाली न उतरता आडव्या दिशेने दूर जावे. इर्शाळवाडीसारख्या दुर्घटना रात्रीही घडत असल्याने इशारा मिळाल्यावर उजेडातच वस्ती रिकामी करून शाळेत किंवा समाजमंदिरात हलणे श्रेयस्कर. यात तलाठी, पोलीस पाटील व सरपंच यांची भूमिका कळीची असते.

यादी आणि अंदाज : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था दरडींबाबत केंद्राची समन्वयक असून तिने २०१४ पासून देशव्यापी दरडप्रवणता नकाशे बनवण्यास आरंभ केला. कोलकाता येथील तिचे राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्र १९ जुलै २०२४ रोजी सुरू झाले. प्रशासनाने केलेल्या धोकादायक गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. त्यामुळे यादीत नाव नसणे हे सुरक्षिततेचे प्रमाण मानता येत नाही.

पुनर्वसन : माळीणचे नवे गाव जवळच आमडे येथे वसवून एप्रिल २०१७ मध्ये ग्रामस्थांकडे सोपवण्यात आले. पहिल्याच पावसात तेथील रस्ते व भराव खचले. नवी जागाही डोंगर कापून सपाट केली, तर जुना धोका वेगळ्या रूपात परत येऊ शकतो, हे त्यातून दिसले. तळियेतील घरांचे काम म्हाडाकडे, तर इर्शाळवाडीतील कुटुंबांची चौक परिसरातील घरे बांधण्याचे काम सिडकोकडे देण्यात आले. शेत, जनावरे व रानातील उत्पन्न जुन्या जागीच राहत असल्याने फक्त घरे देऊन पुनर्वसन पूर्ण होत नाही.

खाडीकाठ : डोंगर व खाडी यांच्या मधल्या सखल वस्त्यांचा प्रश्न वेगळा असतो. उदाहरणार्थ, भाईंदर पूर्वेतील खारी हे गाव मिरा-भाईंदरच्या सखल भागात आहे. शहराच्या उत्तरेस वसईची खाडी आणि एका बाजूस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. अशा जागी दरडीपेक्षा डोंगरावरून आलेल्या गाळाने नाले भरणे व भरतीच्या वेळी पाणी तुंबणे हा धोका मोठा असतो. कोकणात खारजमिनीभोवती मातीचे बांध घालून भरती रोखतात आणि उघाडीतून (बांधातील झडपेच्या दारातून) पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडतात. या कामासाठी राज्यात १९७९ चा खारजमीन विकास अधिनियम आहे. तिवरांमुळे किनाऱ्याची माती टिकून राहते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. पावसाळ्यापूर्वी नाल्यांतील गाळ काढणे, उघाड्या चालू ठेवणे आणि नाल्यांच्या मुखाशी भराव होऊ न देणे हे येथील संरक्षणाचे मुख्य मार्ग होत.